कपाटातली आडवी बाटली

मी घर सोडलं त्या दिवशी आमच्या अंगणात द्राक्षाचा माल भरायचं काम चाललं होतं. तासगावजवळच्या आमच्या गावात फेब्रुवारीत कुणाला कुणासाठी वेळ नसतो, मग पोटची पोरगी अमेरिकेला का निघालेली असेना. दारात व्यापाऱ्याचा टेम्पो, ओट्यापर्यंत पेट्यांची चळत, आणि त्यातून वाट काढत माझ्या दोन बॅगा बाहेर पडल्या. नितीन, माझा नवरा, आधीच न्यू जर्सीला पोचला होता. माझे वडील, अण्णा, हातातली कात्री खाली न ठेवताच निरोप द्यायला आले, बेदाण्याची पिशवी माझ्या हातात कोंबली आणि "पोचलीस की फोन कर" एवढं म्हणून घड निवडायला परत गेले. मला तेव्हा राग आला होता. त्यांना माझ्यासमोर रडायचं नव्हतं, हे कळायला मला स्वतःला मूल व्हावं लागलं.

आई गाडीपर्यंत आली. दाराला धरून म्हणाली, "तिकडं काय वाटंल ते खा, काय वाटंल ते घाल. पण बाटलीच्या वाटंला जाऊ नकोस. आणि कुणी त्या वाटंला लागलेलं दिसलं, तर त्याला माघारी वळीव." मी हो म्हटलं. तेवीस वर्षांच्या मुलीला हो म्हणायला काय लागतं!

आईच्या तोंडी हे वाक्य का आलं, ते सांगायला हवं. तिची धाकटी बहीण, माझी कुसुममावशी, आमच्याच गावात दिली होती. तिच्या नवऱ्यानं दारूपायी आधी स्वतःला संपवत आणलं आणि मग संसाराला. मावशी तिशीतच गेली. तिचे दिवस झाल्यावर महिन्याभरात आईनं पदर खोचला आणि गावातलं दारूचं दुकान मतदान घेऊन बंद करायला बायका गोळा केल्या. अशा मतदानात चिठ्ठीवर दोन चित्रं असतात: उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. जिला अक्षर ओळखता येत नाही तिलाही बाटली ओळखता येते. आई दारोदार फिरून पाटीवर खडूनं चित्र काढून दाखवायची, "अशी न्हाई, अशी. झोपलेली." मी तेव्हा सातवीत होते आणि माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर आडव्या बाटल्यांची रांग होती. आडवी बाटली जिंकली. दुकानाला कुलूप लागलं त्या दिवशी आईनं कुणाला पेढा दिला नाही. मावशीच्या फोटोपुढं बसून राहिली.

तर अशा बाईची मी लेक. आणि न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत माझं काम काय? दिवसभर बाटल्या आडव्या ठेवायचं. वाइनच्या दुकानात.

माझ्याबरोबर आलेल्या बायकांना त्या पहिल्या वर्षांबद्दल सांगायला नकोच. एच-फोर व्हिसा, नोकरी करायची मुभा नाही, ड्रायव्हिंग येत नाही आणि खिडकीबाहेर हात-हातभर बर्फ. मी बीएस्सी ॲग्री, वेलीची छाटणी डोळे मिटून करणारी, आणि इथं मला कार्पेट व्हॅक्यूम करायचं काम. फोनवर आई विचारायची, "बाहेरनं घरी आलीस का?" मी म्हणायची, "हो, अपार्टमेंटवर आले." घर हा शब्द मी तासगावसाठी राखून ठेवला होता. तो इथं वापरला तर तिथला कमी होईल असं काहीतरी वाटायचं. येडेपणाच, पण करायची.

पुढं ईरा झाली, ती शाळेत जायला लागली आणि माझं काम करायचं परमिट आलं. मी जिथं जिथं अर्ज केले तिथून गोड भाषेत नकार आले. एकदा अपार्टमेंटजवळच्या प्लाझात दूध घ्यायला गेले होते, तर शेजारच्या वाइन शॉपचे मालक जयेशभाई एका गिऱ्हाइकाला द्राक्षाची जात समजावून सांगताना अडखळत होते. माझ्यानं राहवेना. मी मधेच तोंड घातलं. कलम कसलं, खुंट कसला, भुरीचा रोग का येतो, सगळं सांगून मोकळी झाले. गिऱ्हाईक दोन बाटल्या घेऊन गेलं. जयेशभाई म्हणाले, "बेन, पीती हो?" मी म्हटलं, "नहीं." "तो फिर इतना कैसे मालूम?" मी म्हटलं, "उगाती हूँ." सोमवारपासून मी कामाला लागले.

आईअण्णांना सांगितलं, द्राक्षाच्या दुकानात नोकरी लागली. खोटं नव्हतं, असं मी स्वतःला पाच-सहा वर्षं सांगत राहिले. अण्णा हरखून गेले. दर रविवारी फोनवर मला कोल्ड स्टोअरेजचे धडे द्यायचे. आई फक्त विचारायची, "द्राक्षाच्या दुकानातनं आलीस का?" आणि मी हळूच हो म्हणायची.

चाखायला लागते म्हणून मी घोटभर तोंडात घेऊन थुंकायला शिकले. या धंद्यात ते रीतसर आहे. बहुतेक वाइन मला आंबट रसासारख्या लागायच्या. मग एका दुपारी आयात करणाऱ्या कंपनीच्या माणसानं फ्रान्सच्या बोर्दोमधल्या एका शातोची रेड वाइन उघडली. शातो म्हणजे तिकडं द्राक्षमळा, तळघर आणि वाडा मिळून सगळी इस्टेट. ग्लास नाकाशी नेला आणि मी बोलायचीच थांबले. आधी जांभळं. मग नुकतं टोक काढलेल्या पेन्सिलीचा वास. मग आजोबांची जुनी लाकडी पेटी. आणि सगळ्यात शेवटी, अगदी खाली, फळछाटणीनंतर सरीत पडून भिजलेल्या पाल्याचा वास. पार्सिपनीच्या एका प्लाझात, फ्लोरोसंट दिव्याखाली, मला आमची बाग भेटली. त्या वाइनमध्ये कसलाही झणका नव्हता, गोडवा नव्हता. हळू आवाजात बोलणारं माणूस असतं, ज्याचं ऐकायला सगळे गप्प होतात, तशी ती होती. त्या दिवशी मी थुंकायची विसरले. आईला दिलेला शब्द मोडला तो असा, आणि खरं सांगते, मला लाज वाटायच्या आधी नवल वाटलं.

मग त्या शातोचा मला नादच लागला. लायब्ररीतून पुस्तकं आणली. नदीकाठची खडीची जमीन. आपल्याकडं ज्याला मुरमाड म्हणून नाक मुरडतात तसली. पाणी द्यायचं नाही. वेल मुळं खाली खाली नेते आणि आपलं आपण शोधते. मणी वाटाण्याएवढा, जाड सालीचा. वेली पन्नास-साठ वर्षांच्या. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी तिथल्या दलालांनी चांगल्या मळ्यांची पाच प्रतींत यादी लावली, त्यात हा मळा होता, आणि ती यादी एखाददुसरा अपवाद सोडला तर आजही तशीच आहे. दरवर्षी जो माल त्यांच्या स्वतःच्या मनास उतरत नाही, तो थोरल्या नावानं ते विकत नाहीत. धाकट्या लेबलखाली घालतात. आपण उरलेला माल बेदाण्याला टाकतो तसं.

मी हे अण्णांना तुकड्यातुकड्यानं सांगायची, वाइन हा शब्द गाळून. "फ्रान्समधला एक मळा आहे," म्हणायची. "मण्याची साइज?" अण्णांचा पहिला प्रश्न. वाटाण्याएवढा म्हटल्यावर म्हणाले, "मग सगळा माल रिजेक्ट!" आम्ही अठरा एमएमच्या रिंगमधून मणी मोजणारी माणसं. पण दलालांच्या यादीचं सांगितलं तेव्हा त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. आमच्या मालाची प्रत दारातला व्यापारी रोज सकाळी ठरवतो आणि दुपारी बदलतो. "इतकी वर्षं कुणी त्यांचा दर्जा पाडला न्हाई? आणि त्यांनी पण पाडू दिला न्हाई? वा रे पठ्ठे!" असं म्हणून त्यांनी फोन आईकडं दिला.

एकदा जयेशभाईंनी मला मॅनहॅटनला एका टेस्टिंगला पाठवलं. त्या शातोचे जुने तळघरप्रमुख आले होते, पांढऱ्या मिशांचे, हाताला माझ्या वडिलांसारखे घट्टे. बाकीचे लोक चवीबद्दल विचारत होते. मी विचारलं, तुम्ही विरळणी करता का? मला इंग्रजी शब्द आठवेना म्हणून दोन बोटांची कात्री करून दाखवली. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनीही बोटांची कात्री केली आणि कोवळे घड कसे कापून खाली टाकतात ते दाखवलं. मग विचारलं, तुमच्या वेली किती वर्षांच्या? मी म्हटलं, चौदा-पंधरा वर्षांनी आम्ही बाग काढून टाकतो, मग माल कमी येतो. ते हसले नाहीत. फक्त म्हणाले, "पंधराव्या वर्षी आमची वेल नुकती शहाणी व्हायला लागते." परतीच्या ट्रेनमध्ये मी स्वतःच्या इथल्या वर्षांचा हिशोब करत बसले. मला तेव्हा बारावं चालू होतं.

दुकानात पाच वर्षं झाली तेव्हा जयेशभाईंनी मला त्याच शातोची एक बाटली दिली. साल पाहिलं तर मी घर सोडलं तेच. म्हणजे त्या फेब्रुवारीत मी विमानात बसले तेव्हा ही द्राक्षं अजून वेलीच्या डोळ्यात होती, फुटायची होती. मी बाटली टॉवेलात गुंडाळून कपाटात, तांदळाच्या पोत्यामागं ठेवली. आडवी. बूच ओलं राहायला हवं, नाहीतर सुकतं आणि हवा शिरते.

गेल्या सप्टेंबरात आईअण्णा पहिल्यांदा इकडं आले. दुसऱ्याच शनिवारी आम्ही आयसेलिनला गेलो. ओक ट्री रोडवर आईला मेथीची जुडी आणि साडीची दुकानं पाहून बरं वाटलं होतं. तेवढ्यात समोरून महाराष्ट्र मंडळातल्या कुलकर्णी काकू. "अय्या, तुम्ही वैशालीचे आईबाबा? अहो काय हुशार आहे तुमची मुलगी! आमच्या ग्रुपमध्ये वाइन घ्यायची म्हटलं की आधी तिला फोन. तिच्या शॉपमधूनच घेतो आम्ही सगळे." त्या भल्या बाईला काय ठाऊक! ईरा म्हणाली, "आई, आर यू ओके?" मी नव्हते.

आम्ही तसेच माघारी फिरलो. आल्यावर आईनं मेथी निवडायला घेतली आणि मान खाली घालूनच म्हणाली, "कुसुमच्या घरातल्या बाटल्या मी या हातानं फोडल्यात. तू त्याच इकतीस. आणि वर मला द्राक्ष म्हणून सांगतीस." मी म्हटलं, "आई, ही तशी दारू नाही गं." मूर्खासारखं बोलले. ती म्हणाली, "पिऊन पडणाऱ्याच्या बायकोला इचार, कसली होती ते." ईरा मधे पडली, "आजी, इट्स जस्ट हर जॉब!" आजीला ते कळलं असावं, कारण ती म्हणाली, "जॉब हाय तर लपवला कशाला?"

पाच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मला वाटलं, ही आता अशीच परत जाईल, आणि मग रविवारचा फोनही अण्णाच करतील. जेवणाच्या टेबलावर ती समोर बसलेली असायची आणि मला तिची आठवण यायची.

सहाव्या दिवशी अण्णा म्हणाले, "मला तुझं दुकान बघायचं हाय." आई गाडीत येऊन बसली, पण दुकानासमोर उतरली नाही. "मी हितंच बरी," म्हणाली. काचेचं दार, काचेसमोर गाडी, गाडीत आई. आत अण्णा लेबलांवरून बोट फिरवत, एखाद्या प्रदर्शनात आल्यासारखे चालले होते. तेवढ्यात एक माणूस आला. नेहमीचाच, बांधकामावर काम करणारा. भर दुपारी त्याचा तोल जात होता. त्यानं कोपऱ्यातली व्हिस्की उचलून काउंटरवर ठेवली. मी म्हटलं, "नॉट टुडे, सर." झिंगलेल्या माणसाला विकायचं नाही असा इथं कायदा आहे, जयेशभाई तर त्याबाबत देवाधर्मासारखे कडक. तो ओरडला, काउंटरवर मूठ आपटली, मला माझ्या देशात परत जायला सांगितलं. मी बाटली उचलून मागं ठेवली. मग कॅब बोलावली, त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि कॅब येईपर्यंत त्याच्यापाशी उभी राहिले. हे मी महिन्यातून एकदा तरी करते. विशेष काही नाही त्यात. तो बाक आमच्या गाडीच्या बरोबर समोर होता.

परत येताना अण्णा पुढच्या सीटवर, नुसते सुटले होते. मुरमाड जमीन, साठ वर्षांची वेल, ओढ्याकडची आपली जुन्या वेलींची पट्टी काढायची घाई करू नये काय, एक ना दोन. शातोची एक बाटली माझ्याकडं तांदळाच्या पोत्यामागं आहे हे मी सांगून टाकलं. आता लपवायचं काय राहिलं होतं? "मग उघडणार कधी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बघू कधीतरी. इतक्या जुन्या बाटलीत गाळ धरतो. उघडायच्या आदल्या दिवशी उभी करून ठेवावी लागते, म्हणजे गाळ खाली बसतो." मागच्या सीटवर आई खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, "आमच्या त्या दुकानदारानं एकदा, नुसतं एकदा म्हटलं असतं, आज न्हाई मिळायची म्हणून." मला समोरचा रस्ता दिसेना. मी गाडी बाजूला घेतली आणि आम्ही दोघी, ती मागं आणि मी पुढं, तशाच रडलो. अण्णा काचेतून बाहेरची झाडं मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला उठले. आईची अंघोळ होऊन देवाला दिवा लागला होता. ओट्यावर चहाचं आधण, शेजारी गाळणी, आणि गाळणीशेजारी ती बाटली. टॉवेल घडी करून बाजूला ठेवलेला, धूळ पुसलेली. उभी. पाटीवर खडूनं चित्र काढून गावच्या बायकांना बाटली आडवी करायला शिकवणाऱ्या माझ्या आईनं ती स्वतःच्या हातानं उभी केली होती.

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "उद्या रविवार. जावयाला सुट्टी हाय. तवर गाळ बसंल ना?"

रविवारी दुपारी जेवणाआधी बाटली उघडली. बूच शाबूत निघालं. मी हळूहळू, गाळ हलू न देता, काचेच्या सुरईत ओतली आणि आम्ही पाऊण तास थांबलो. अण्णांनी ग्लास घेतला, पण प्याले नाहीत. आयुष्यात घेतली नाही, आता कशाला, म्हणाले. डोळे मिटून नुसता वास घेत राहिले. मग ग्लास न सोडता म्हणाले, "छाटणीचा पाला." मी त्यांना ते आधी कधीच सांगितलं नव्हतं. आई लांब बसली होती. तिनं विचारलं, "एवढी वर्षं आडवी पडून हाय, नासली न्हाई?" मी म्हटलं, "नाही आई, उलट सुधारली." "बरं," म्हणाली आणि भाकरी थापायला उठली. तिनं ग्लासाला हात लावला नाही. लावावा असं मलाही वाटलं नाही. त्या घोटात मी घर सोडल्याचं सगळं वर्ष होतं, ते आधी मी एकटीनं प्याले आणि मग नितीनला दिलं.

बूच अण्णांनी खिशात घातलं. आता ते त्यांच्या छाटणीच्या कात्रीबरोबर फडताळात असतं म्हणे. ओढ्याकडची पट्टी त्यांनी अजून काढलेली नाही.

मागं राहिलेल्यांनो, आम्ही तुम्हाला फोनवर जे सांगतो त्यातलं निम्मं गाळलेलं असतं. आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, आपण गाळतो ते त्यांच्या काळजीपोटी, असं आपण म्हणतो. बरंचसं ते भीतीपोटी असतं. मी इथं अपार्टमेंटवर येत राहिले आणि तिकडं द्राक्षाच्या दुकानात नोकरी करत राहिले, आणि दोन्हीकडं थोडी थोडी पाहुणीच राहिले. ती फ्रान्सची वेल मुरमातून आपलं पाणी शोधते तेव्हा तिला निम्मं मूळ लपवून चालत नसणार.

परवा रविवारी आईचा फोन आला. मागं बायकांचा गलका होता; बचत गटाची मीटिंग आमच्या ओट्यावर भरली होती. त्यातल्या अर्ध्या जणी आडव्या बाटलीला मत दिलेल्या. मला वाटलं, आई उठून आत जाईल, निदान आवाज खाली करेल. ती जागची हलली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात तिनं विचारलं, "काय गं वैशू, वाइनच्या दुकानातनं आलीस का?"

मी म्हटलं, "हो आई. आत्ताच घरी आले."